लाईट गेली की गाणं

आज दुपारी सव्वादोनला लाईट गेली. पंखा दोन-चार गरके मारून थांबला, फ्रिजची घरघर थांबली, वरच्या मजल्यावरच्या टीव्हीतली रडारड मध्येच गप्प झाली. बायको म्हणाली, "गेली वाटतं." सोलापुरात पस्तीस वर्षं संसार करूनही ती हे वाक्य दर उन्हाळ्यात तितक्याच नवलानं म्हणते. एरवी मी चिडचिड करतो, पुठ्ठा शोधतो, वारा घेतो. आज नुसता बसून राहिलो. मिनिटभरात शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर कुरकुरत सुरू झाला आणि ती शांतता संपली. पण तेवढ्या मिनिटात दरवेळी मला वाटतं की आता कुणीतरी गायला लागेल.

कुणी गात नाही. गाणारा गेला. नरसूला जाऊन या संक्रांतीला दोन वर्षं झाली.

त्याच्या घरचे म्हणतात, त्याचं गाणं तापानं नेलं. डॉक्टर म्हणाले होते, मागांच्या आवाजानं. मी म्हणतो, मी नेलं. तिन्ही खरं असेल, पण माझ्या वाट्याचं खरं मी त्याला कधी सांगितलं नाही. सांगायला मला पुरी चाळीस वर्षं मिळाली होती. एवढ्या वर्षांत लोक घर बांधतात, पाडतात, पुन्हा बांधतात. मला एक वाक्य बोलता आलं नाही.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो, म्हणजे कॉलेजात माझं नाव होतं. माझ्याकडे एक गिटार होती. रेल्वे लाइन्समधले एक गोवेकर गार्ड निवृत्त होऊन गावी निघाले, तेव्हा मी त्यांना सामान बांधायला मदत केली, आणि सामानात न मावलेली गिटार त्यांनी माझ्या गळ्यात घातली. त्यांच्या घरी मी परदेशी तबकड्या ऐकल्या होत्या. शब्द ओ का ठो कळायचे नाहीत. एवढंच कळलं होतं की चार पोरं एकत्र येतात, आपली गाणी आपणच करतात आणि कुणाला विचारायला जात नाहीत. हे मला फार आवडलं होतं, कारण आमच्या घरात पाणी प्यायचं तरी विचारावं लागे. वडील शाळामास्तर. ते गिटारला इंग्रजी तंबोरा म्हणायचे आणि ती वाजायला लागली की खिडकी लावून घ्यायचे.

चार पोरांमध्ये एक मी. दुसरा नरसू. पूर्व भागातलं तेलुगू विणकराचं घर, पत्र्याखाली चार यंत्रमाग, त्यांच्यामागे स्वयंपाकघर आणि एक खोली. माग असलेल्या त्या पुढच्या भागाला सगळे कारखाना म्हणायचे. सातवीपर्यंत नरसू आणि मी एका बाकावर बसलो. मग मी आठवीत गेलो आणि तो मागावर गेला. तिसरा रफिक, लग्नात वाजवणाऱ्या अब्बांच्या बँडमध्ये ड्रमवर असलेला. चौथा मिलिंद, महापालिकेत टेंपररी कारकून. त्याच्या वस्तीत जयंतीची गाणी बसवता बसवता त्याचा पेटीवर हात बसला होता, आणि ऑफिसच्या रद्दी कागदांच्या पाठीवर तो गाणी लिहायचा. नाव ठेवलं चौकडी. आम्ही चार होतो म्हणून, आणि नरसूच्या मागावर चादरीत चौकडी उतरायची म्हणूनही. माझ्या वडिलांनी त्याच दिवशी त्याच्यापुढे 'चांडाळ' लावून नाव पुरं केलं.

होळीच्या आसपास आम्ही सुरू झालो आणि मृग लागायच्या आत संपलो. चौकडीचं आयुष्य म्हणजे एक उन्हाळा.

त्या उन्हाळ्यात विजेचा तुटवडा होता. दुपारी दोनला जी लाईट जायची ती चार-साडेचारला यायची. अख्ख्या पूर्व भागात हजारो माग एकदम थांबायचे. ज्यानं ते ऐकलं नाही त्याला सांगून कळणार नाही. आधी धोटा थांबायचा. सुताची कांडी पोटात घेऊन मागाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवसभर धावणारा तो लाकडी तुकडा कुठेतरी मध्येच पडून राहायचा. मग पट्टे गरगरत मंदावायचे. आणि मग कावळा ऐकू यायचा. पुढच्या गल्लीतली हापशी ऐकू यायची. कुणाच्या तरी घरी तान्हं मूल रडत असायचं, ते बहुतेक सकाळपासून रडत असणार. माणसं मात्र अजून मागावर असल्यासारखी ओरडून बोलत राहायची, आणि मग आपलाच आवाज ऐकून ओशाळायची. रोज दोन वाजता सगळा मोहल्ला असा मिनिटभर ओशाळायचा.

तेवढ्या वेळात आमची तालीम. वीज असली तर मागांपुढे ऐकू येणार नाही, वीज नसली तर घामानं पेटीची पट्टी बोटाला चिकटणार. रफिक म्हणायचा, "अपना बँड लाईट गये बाद का बँड है रे." कारखान्यात उन्हाच्या झळा यायच्या. अम्मा, म्हणजे नरसूची आई, माठातलं पाणी आणि कडक भाकरीवर शेंगांची चटणी आणून ठेवायची आणि कांड्या भरायचा चरखा घेऊन उंबऱ्यात बसायची. तिला मराठी जेमतेम यायचं. गाणं आवडलं की चरख्याचं चाक थांबवायची, नाही आवडलं की जोरात फिरवायची. इतका रोखठोक श्रोता मला पुन्हा भेटला नाही.

ठरलं होतं की सिनेमाची गाणी म्हणायची नाहीत. मिलिंदनं नळावरच्या रांगेवर गाणं केलं, गिरणीच्या भोंग्यावर केलं, पाळीवरून येणाऱ्या बापाच्या चपलांवर केलं. आणि एक धोट्याचं केलं:

धोटा गेला, धोटा आला,
मधल्यामधी दिस गेला.
चादर झाली दुसऱ्याची,
पांघरू काय, सांग की.

रफिकनं त्याला मागाचाच ठेका लावला, खटाक-खट, खटाक-खट, तिसऱ्या फेरीला एक ठोका गाळून. मी गिटारवर दोनच सूर धरायचो, कारण मला तिसरा नीट येत नव्हता. आणि नरसू उभा राहायचा. काळा, हडकुळा, केसांत सुताचा भुगा. खाली मान घालून हळू सुरू करायचा, आणि 'सांग की' वर त्याचा आवाज असा वर जायचा की पत्र्यातली कबुतरं जागा बदलायची. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. दिवसभर मागावर बसून मोठ्यानं गायचं आणि ते कुणालाच ऐकू जाणार नाही, अशी त्यानं सात-आठ वर्षं काढली होती. आवाज तयार झाला तो तिथं.

आता त्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

मागाशेजारी बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं आवाज काढतच नाहीत, ओठ सावकाश आणि ठसठशीत हलवतात, जोडीला हाताची खूण. अम्मा स्वयंपाकघराच्या दारातून ओठांनीच विचारायची, "तिन्नावा?" जेवलास का. नरसू चौथ्या मागावरून ओठांनीच म्हणायचा, "लेदु." नाही. मध्ये चार मागांचा खडखडाट, आणि ही मायलेकरं निवांत गप्पा मारत असायची. सासू-सुनांची भांडणंही अशीच व्हायची, बिनआवाजी, आणि ती जास्त लागायची. माग बंद झाल्यावरही सवयीनं ते घर तसंच बोलायचं. जेवताना कुणी मीठ मागितलं तरी आवाज नाही, नुसते ओठ. मला याची मोठी मौज वाटायची. मीही शिकलो थोडंफार. नरसू म्हणायचा, "तू तोंड लई वाकडं करतोस. गुळणी केल्यागत बोलतोस की."

पहिला कार्यक्रम मिलिंदच्या वस्तीत, जयंतीला. मंडळाच्या पोरांनी आम्हाला शेवटी ठेवलं होतं. दोन गाणी झाली तरी लोक नुसते बघत होते. तिसरं धोट्याचं. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं, गिरणीत तीस वर्षं काढलेली ती, दुसऱ्या फेरीला मांडीवर थाप मारून ठेका धरला. मग तिच्या शेजारणीनं. मिलिंदचे वडील मागे खांबाला टेकून उभे होते. मला वाटलं त्यांना पसंत नाही. नंतर जवळ येऊन ते नरसूला एवढंच म्हणाले, "पोरा, आमचंच सांगितलंस की." मिलिंदला काही बोलले नाहीत. तो शब्दांचा धनी, पण आठवडाभर त्याच्या पायांना जमीन लागत नव्हती.

वळसंगला एका लग्नात आम्हाला ऑर्केस्ट्रा समजून बोलावलं. आम्ही चार गाणी म्हटली. मुलीचे काका स्टेजजवळ आले आणि अगदी आदरानं विचारलं, "गाणी कवा चालू करनार तुमी?" रफिकला असं हसू आलं की त्याच्या हातातली काठी निसटली. तरी त्यांनी आम्हाला पोटभर जेवू घातलं आणि एसटीपर्यंत सोडायला बैलगाडी दिली. अक्कलकोटला एका मंडळापुढे गायलो, तिथं निम्मे लोक कानडी बोलणारे. धोट्याचं गाणं संपल्यावर एक पटकेवाला नरसूचा हात हातात घेऊन म्हणाला, "छलो ऐती." चांगलं आहे, एवढाच अर्थ. परतीच्या एसटीत नरसू ते दोन शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता आणि खिडकीबाहेर बघून हसत होता. त्याचं तोंड मी अजून बघू शकतो, डोळे मिटायची गरज नाही.

वैशाख लागायच्या आधी रफिकच्या मामूंनी दुबईहून टेपरेकॉर्डर आणला. दुपारी लाईट गेल्यावर, सेल घालून, कारखान्यात आम्ही धोट्याचं गाणं टेप केलं. पहिल्यांदा अम्माचा चरखा मध्ये आला, दुसऱ्यांदा हापशी. तिसऱ्यांदा जमलं. मिलिंदनं ती कॅसेट पुण्याच्या एका रेकॉर्ड कंपनीला पाठवली, सोबत सुवाच्य अक्षरात अर्ज, 'महाशय, विनंती विशेष' असा. तो महापालिकेतच होता ना.

त्यानंतर चारच दिवसांनी नरसूला टायफॉईड झाला.

पंधरा-सोळा दिवस तो खाटेवर होता. ताप उतरला, इंजेक्शनं झाली, पेज झाली, आणि हातापायांच्या काड्या घेऊन तो पुन्हा मागावर बसला आणि दुपारी आमच्यात उभा राहिला. त्याचा एक कान लहानपणापासून वाहायचा. अम्मा लसणाचं तेल घालायची, कापूस कोंबायची, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. त्या घरात कानाला फारसं कामच नव्हतं.

पण गाणं बिघडलं. 'सांग की' ला आवाज जायचा तिथं जाईना. थोडा खाली राहायचा, थोडा बाजूला सरकायचा. ठेका मात्र चुकत नव्हता, त्यामुळे जास्तच चीड यायची. मी म्हणायचो, "नरसू, सूर बघ." तो मान हलवायचा आणि पुन्हा तसंच गायचा. पालथ्या घड्यावर पाणी. शिवाय त्यानं नवीनच खोड काढली. आमच्याकडे तोंड करून उभा राहायचा, माझ्या बोटांकडे, मिलिंदच्या हाताकडे एकटक बघत. गाताना डावा तळवा पेटीच्या फळीवर दाबून धरायचा. एका साखरपुड्यात तर लोकांकडे पाठ करून गायला. मी घरी येताना त्याला झापलं, "अक्कलकोटात कुणी हात धरला म्हणून माज आला काय तुला? लोकांना पाठ दाखवतोस?" रस्त्यात अंधार पडायला लागला होता. तो काही बोलला नाही. मला वाटलं, रुसला.

मिलिंद एकदा म्हणाला होता, "अरुण, त्याला बरं वाटत नसेल रे अजून. थोडं दमानं घे." मी म्हटलं, "गाणं दमानं घेतलं की संपतं." असली वाक्यं मला तेव्हा फार सुचायची.

मग पुण्याहून पोस्टकार्ड आलं. गाणे आवडले, येत्या रविवारी अकरा वाजता या, तबकडीचा विचार करू. तबकडीचा विचार. मी ते कार्ड शर्टाच्या खिशात घालून शहरभर फिरलो. वडिलांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या आणि पहिल्यांदाच खिडकी उघडी राहिली.

शुक्रवारी सकाळी मी आणि रफिक कारखान्यात गेलो. चारी माग चालू होते. नरसू पार तिकडच्या मागावर तुटलेला धागा जोडत होता. आम्ही दारापाशी उभे होतो, मध्ये तो सगळा गदारोळ. मी रफिकच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "नरसूला नेलं तर हातातलं जाईल. रविवारी मी गातो."

रफिक माझ्याकडे बघत राहिला. "उसकू कौन बोलींगा?"

"बघू. अजून अशक्त आहेस, आराम कर, असं काहीतरी सांगू."

"नक्को रे मियाँ. दोस्त है अपना."

"दोस्त आहेच. पण बेसूर आहे."

मी मान वळवली तर नरसू आमच्याकडेच बघत होता. त्यानं हात हलवला. मीही हलवला. भिंतीला कान असतात हे मला माहीत होतं. मागांच्या गोंगाटात भिंतीलाही ऐकू जाणार नाही, या भरवशावर मी तोंड भरून बोललो होतो. त्या जागी कानानं कुणीच ऐकत नाही, हे मला त्या क्षणी आठवलं नाही. शिकलेल्या माणसाची अक्कल अशी ऐन वेळेला दगा देते.

दुपारी नरसू स्वतःच म्हणाला, "मला जमायचं न्हाय रे रविवारी. मंगळवेढ्याच्या व्यापाऱ्याची मोठी आर्डर हाय, चादरी द्यायच्यात. तुमी जावा. अरुण म्हनंल गानं, त्याला पाठ हाय की."

मी तोंडदेखलं "असं कसं" म्हणालो. एकदाच. दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर तो कदाचित आला असता, म्हणून नाही म्हटलं. मला इतकं हलकं वाटलं होतं की परत जाताना मी सायकल दोन्ही हात सोडून चालवली. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

पुण्याच्या त्या खोलीत भिंतींना गाद्या लावल्या होत्या. कंपनीचे गृहस्थ मध्यमवयीन, पांढऱ्या शर्टातले, सौम्य बोलणारे. मी गायला लागलो. सूर एकही चुकला नाही. दुसऱ्या कडव्याला त्यांनी हात वर करून थांबवलं आणि विचारलं, "कॅसेटवर गायलेत ते कोण?"

मिलिंदनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "तो आमचा एक मित्र. त्याला काम होतं."

"तुमचं बरोबर आहे सगळं," ते म्हणाले, "पण मला ते गाणं त्याच्यासाठी करायचंय. त्याला घेऊन या. पुढच्या रविवारी या."

रात्र आम्ही पुणे स्टेशनावर बसून काढली आणि सकाळची गाडी धरली. रफिक आणि मिलिंद बसल्या बसल्या झोपले. मी जागा होतो. खोटं बोलणार नाही, आधी मला माझाच राग आला होता आणि त्याच्याखाली नरसूचा हेवा होता. पण कुर्डूवाडी गेल्यावर मला बरं वाटायला लागलं. त्याला ही बातमी मी सांगणार, तो कसा हसेल, आठ दिवस रोज त्याच्याकडून सूर घोटून घेऊ, असं सगळं मी मनात ठरवत होतो.

चौकडी त्यानंतर पुन्हा वाजली नाही. पुण्याला आम्ही गेलो नाही. मिलिंदनं अर्ज लिहिला, काही अपरिहार्य कारणास्तव येऊ शकत नाही. पुढे तो पर्मनंट झाला, बदल्या झाल्या, त्याची कविता रद्दीतच राहिली. रफिक हुबळीला मोठ्या बँडमध्ये गेला, तिकडेच स्थायिक झाला. मी मास्तर झालो, वडिलांसारखाच. गिटार एका विद्यार्थ्याला देऊन टाकली. नरसू मागावर राहिला. सात वर्षांनी त्यानं स्वतः विणलेली चादर माझ्या लग्नात आणून दिली, चौकडीची. मुंजीला आला, बारशाला आला, वडील गेले तेव्हा चार दिवस आमच्या ओट्यावर बसून होता. समोर उभं राहून बोललं की त्याला सगळं कळायचं, माझी मुलं तर त्याच्याशी बिनआवाजी बोलण्यात पटाईत झाली होती. त्याच्याशी माझी हजारो वेळा गाठ पडली असेल. प्रत्येक वेळी पहिली पाच मिनिटं मी ते वाक्य जुळवत असायचो आणि मग कुणीतरी चहा आणायचं. तो गेला त्याच्या आदल्या महिन्यात दवाखान्यातही मी गेलो होतो. खुर्ची त्याच्या तोंडासमोर ओढून बसलो, आणि क्रिकेटबद्दल बोललो.

लोक म्हणतात, वेळ गेली नाही तोवर बोलून घ्यावं. मला तर वेळ वेळेवर मिळाली होती. त्या सोमवारी दुपारी मिळाली होती.

स्टेशनावरून आम्ही तिघं तडक कारखान्यात गेलो. दोन वाजून गेले होते, लाईट गेली होती, गल्ली निपचित पडली होती. दार सताड उघडं. आत नरसू आमच्याकडे पाठ करून, मागावर वाकून, एकेक धागा चिमटीत धरून जोडत होता. मी दारातून हाक मारली, "नरसू." तो तसाच. मी मोठ्यानं म्हणालो, "ए नरसय्या, पुण्यानं बोलावलंय तुला." तो धाग्याला थुंकी लावत राहिला. मला वाटलं अजून रुसलाय, नाटक करतोय. रफिकनं खांद्यावरचा ड्रम पुढे घेतला आणि गंमत म्हणून काठीचा एक सणसणीत ठोका हाणला.

कबुतरं फडफडत बाहेर गेली. स्वयंपाकघरातून अम्मा धावत आली, तिच्या ओटीतल्या कांड्या घरंगळत जमिनीवर गेल्या. नरसूची पाठ हललीसुद्धा नाही.

अम्मानं आमच्याकडे बघितलं, मग त्याच्या पाठीकडे. ती हळूहळू त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिनं त्याला नावानं हाक मारली, आवाज काढून. त्या घरात तिला मी मुलाला आवाज काढून हाक मारताना पहिल्यांदा ऐकलं. मग तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तो दचकून वळला. आईला ते आमच्याच बरोबर, त्याच मिनिटाला कळलं. एका घरात राहून, दिवसात तीनदा "तिन्नावा" विचारून, तिला कळलं नव्हतं. ती खाली बसली आणि कांड्या गोळा करायला लागली. सगळ्या गोळा झाल्या तरी तिचा हात जमिनीवरून फिरत राहिला.

नरसूनं आमची तोंडं बघितली. "कळलं व्हय," तो म्हणाला.

"कधीपासून?" मिलिंदनं विचारलं.

"तापानंतर. मलाबी लौकर कळलं न्हाय की. मला वाटलं माग लई बोंबलतोय. मग लाईट गेली, तरी बोंबलतच हुता." त्यानं कानाशी हात नेला. "आताबी बोंबलतोय. हितं, आत."

मी त्याला पुण्याचं सांगितलं. ओठ सावकाश हलवून, त्यानंच शिकवलं तसं. तुझाच आवाज हवाय म्हणाले, तुलाच घेऊन या म्हणाले. तो वाचत गेला. शेवटच्या शब्दाला हसला, अगदी एसटीत हसला होता तसा. मग ते हसू हळूहळू गेलं.

"न्हाय रे," तो म्हणाला. "मी आलो तर हातातलं जाईल. तू म्हनलास ते खरं हाय."

माझेच शब्द होते, शुक्रवारचे. रफिकनं मान खाली घातली. नरसूच्या बोलण्यात राग नव्हता. एखादा धागा तुटलाय हे दाखवावं तसं त्यानं दाखवलं होतं. त्याला वाचता येणार नाही असं तोंड मला करता येईना, म्हणून मी वळलो आणि कोपऱ्यातल्या माठाकडे गेलो. लोटीत पाणी घेतलं. भिंतीकडे तोंड करून म्हणालो, "नरसू, माझं चुकलं. माफ कर मला."

चांगलं मोठ्यानं म्हणालो होतो. मिलिंदनं ऐकलं, रफिकनं ऐकलं. पुढल्या गल्लीतही ऐकू गेलं असेल. मिलिंद दबक्या आवाजात म्हणाला, "अरुण, वळून सांग."

माझे खांदे हलले असावेत, कारण मागून नरसूचा आवाज आला, "काय म्हनालास?"

मी लोटी खाली ठेवली, तोंड पुसलं, आणि त्याच्याकडे वळलो. तो माझ्या ओठांकडे बघत थांबला होता.

"काही नाही," मी म्हणालो. "पाणी गार आहे."